पोळ्याचा हार

आमच्या आतोबांइतका, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांइतका, काळजी करणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. आणि काळजी तरी कशाची, तर गवताची. धरणगावजवळच्या त्यांच्या गावाला मोठे गायरान होते. रोज सकाळी ते वहाणा हातात घेऊन त्यात फिरत आणि डोळे मिटून, नुसत्या तळव्याने, हा मारवेल, हा पवन्या, हा शेडा असे गवत ओळखत. लग्नाला गेले तरी आधी व्याह्यांच्या गोठ्यात शिरून वैरण चावून पाहत आणि मग पंगतीत तोंड पाडून बसत. आत्या त्यांच्या धोतराची कुसळे काढू लागली की म्हणत, "ऱ्हाऊ दे. कोठे तरी रुजतीन."

पोळ्याला गायरानातल्या प्रत्येक गवताची एकेक काडी ओवून ते बैलाला हार घालत. माझ्या लहानपणी तो हार बैलाच्या गुडघ्यांना लागे. पुढे कपाशी पसरली, अर्धे गायरान नांगराखाली गेले आणि गावची सगळी गुरे उरलेल्या अर्ध्यात कोंबली गेली. उंच गवते संपली. उरली जमिनीला चिकटलेली हरळी आणि गुरे तोंड लावत नाहीत तो रोशा. हार गळ्यापर्यंत आखडला. आतोबा भेटेल त्याला अडवून सांगत, "कोन्हाचं मूळ खोल, कोन्हाचं वर. बठ्ठा सारखा झाया ते एकाच दुष्काळमा बठ्ठा मरतीन." सगळे गवत सारखे झाले तर एकाच दुष्काळात सगळे मरेल, हे ऐकून ऐकून लोक रस्ता बदलत. मीही बदलला आहे.

मी तेव्हा इंग्रज सरकारविरुद्ध पत्रके लिहीत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे धान्याची टंचाई होती. 'पडीक जमीन हा देशाचा आळस आहे' असे मी आवेशाने छापले आणि त्यात गायरानही धरले, कारण सरकारी दप्तरात त्याच्यापुढे 'पडीक' असेच लिहिलेले होते. सरकारचा एकही शब्द खरा न मानणाऱ्या मी एवढा एक शब्द न तपासता उचलला. पत्रक चावडीवर वाचले गेले आणि उन्हाळ्यात उरलेल्या अर्ध्यावरही नांगर फिरला. आतोबांना वाचता येत नव्हते. त्यांनी मला तो शब्द बोटाने दाखवायला लावला. मग त्यावर स्वतःचे बोट टेकवून म्हणाले, "उभं शे ते तुले पडेल दिसस का, भाऊ?"

त्या पोळ्याला हार शिंगालाही पुरेना. मी दोन दिवस रानोमाळ हिंडलो. शेवटी रेल्वेच्या तारेआड, जिथे गुरे पोचत नाहीत, तिथे शेड्याची एक काडी मिळाली. आतोबांनी डोळे मिटून ती पायाखाली घेतली.

"शेडा. कोठे भेटना?"

"रेल्वेच्या हद्दीत."

"तठे बी पडीकच लिखेल व्हई."

ते काडी बांधायला वाकले, तोच बैलाने जीभ लांबवून ती ओढून घेतली. मी अडवायला धावलो. आतोबांनी माझा हात धरला.

"खाऊ दे त्याले. चव ते ध्यानमा ऱ्हाई."