मोठमायची दांडीची सायकल

"थांबा ना मोठमाय! उतरवा मले, पोट्टी पडते!" मी कॅरेजवरून बोंबलून राह्यली अन् बुढी पायडल मारूनच राह्यली. समोर दांडीवर माही दोन वरसाची पोट्टी. निघालो तं कडक ऊन होतं, अर्ध्या रस्त्यात आभाय आलं, अन् आता हे वारं अन् टपोरे थेंब. भेवानं मी उडीच मारली. मांगचं वजन गेलं, सायकल हेलपाटली, अन् दोघी उतारावरून खाली दिसेनाशा झाल्या.

मोठमाय म्हनजे माह्या नवऱ्याची मोठी काकू. आमचं सारं किन्हीराजा गाव तिले मोठमायच म्हने. तिचा नवरा मेला अन् त्याची काळी दांडीची सायकल इनं चालवाले घेतली. मानसं हासले का म्हने, "मी काष्ट्याच्या लुगड्याची बाई. मले दांडी आडवी येत नाही, तुमाले काहून येते?"

मागच्या साली आमी बांधकामावर कोकनात गेलो, तवा टेम्पोत गाठोड्यावर इनं सायकलबी चढवली. सारा हंगाम समुद्राचा नुसता आवाज आयकला. गावाले निघायच्या आधल्या दिवशी, चैतातल्या दुपारी, मले म्हने, "चाल वं, समुद्र पाह्यल्याबगर मी टेम्पोत बसत नाही." मुकादम आडवा आला. "कोनाले इचारून चालली बुढे?"

"काहून? समुद्र तुह्या बापानं खोदला काय?"

मुकादम तोंडातला तंबाखूचा खर्रा थुकून बाजूले झाला, अन् आमी तिघी सायकलवर निघालो.

तं उडी मारली तशी मी उतारावरून धावली. चप्पल कुठं, पदर कुठं, भान नाही. खाली रेतीत सायकल आडवी. मोठमायचं कोपर सोललेलं. पोट्टी तिच्या पदरात गुंडाळलेली, अन् हासून राह्यली! समोर पानीच पानी. मी भांडाले तोंड उघडलं तं म्हने, "एवढं पानी आपल्या गावात असतं तं मी इकडं इटा वाहाले कायले आली असती?"

मंग माहा हात धरला. "भेव मलेबी लागते पोरी. पन त्याले मी मांगं कॅरेजवर बसवते. हँडल नाही देत."

यंदा पौषात मोठमाय गेली. तिचं पोरगं सायकल भंगारात द्याले निघालं, तं मी हँडल धरलं ते सोडलंच नाही. नवरा म्हने, "लोक काय म्हनतीन?" म्हटलं, म्हनू द्या. तिचंच एक लुगडं मागून घेतलं, काष्टा मारला, पडत-झडत शिकली. गुडघे फुटले. फुटू द्या.

काल पोट्टीले दांडीवर बसवलं अन् अंगनवाडीले निघाली. चौकात तसंच वारं सुटलं. पारावरचे मानसं उभे राहून पाहून राह्यले, अन् नवरा मांगून बोंबलून राह्यला, "उतर वं! पोट्टीले पाडशीन!"

पोट्टी म्हने, "माय, मार ना पायडल!"

बायाहो, तुमीच सांगा. तुमी असत्या तं उतरल्या असत्या काय?