एक ते पाच माझ्याकडे, सहा नंदूकडे

बाबा गेल्यावर झालेल्या वाटणीत माझ्या वाट्याला डावा आवाज आला.

लोकांना वाटणीत जमीन मिळते, दागिने मिळतात, गेलाबाजार एखादं लोखंडी कपाट तरी मिळतं. आमची घोडपदेवची चाळ पुनर्विकासात गेली आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत मी परळला, धाकटा भाऊ नंदू माटुंग्याला, असे दोघं भाड्याने राहायला गेलो. जाताना भांडी वाटली, गाद्या वाटल्या, आईसुद्धा वाटली. (सहा महिने माझ्याकडे, सहा नंदूकडे. हे लिहिताना आज लाज वाटते. तेव्हा मात्र आम्ही अगदी न्यायाधीशाच्या थाटात होतो!) शेवटी उरला बाबांचा स्टिरिओ.

बाबा गिरणीत वायरमन. गिरणी बंद पडल्यावर भजनी मंडळांना माइक-स्पीकर लावून द्यायचे. म्हातारपणी त्यांनी घरासाठी स्वतःच्या हाताने दोन छोटे ॲम्प्लिफायर बनवले. जेवणाच्या डब्याएवढे. एक फक्त डाव्या स्पीकरचा, एक फक्त उजव्याचा. दुकानातल्यासारखा दोन्हींचा मिळून एक का नाही केला, असं विचारलं तर म्हणायचे, "एकात दोन कोंबले की आवाज एकमेकांत सांडतात."

"डावा तू घे, उजवा मी," नंदू म्हणाला.

"उजवा तुला का?"

"दादा, तू मोठा आहेस ना? मोठ्याने समजून घ्यायचं असतं."

"पन्नास वर्षं समजूनच घेतोय रे मी!"

यावरून जे पेटलं त्यात गणपतीच्या आरतीत घंटा कुणी वाजवायची इथपासून सगळं निघालं. शेवटी आम्ही फोनला जोडायची वायरदेखील मधोमध उभी फाडून अर्धी-अर्धी घेतली. एक तिसरा जड डबा राहिला. मी म्हणालो, जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर असेल. नंदू म्हणाला, भंगारात दे. आईने तो आपल्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. त्या दिवसापासून आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी फक्त आईमार्फत बोलू लागलो.

आता हा डावा आवाज म्हणजे काय, ते सांगतो. बाबांनी फार वर्षांपूर्वी एका डबलबारीचं रेकॉर्डिंग केलं होतं, पुढे ते आम्हा दोघांच्या फोनवरही उतरवून घेतलं होतं. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा समोरासमोर बसतात. हा गाण्यातून कोडं घालतो, तो गाण्यातून उत्तर देतो. बाबांनी डाव्या बुवासमोर एक माइक ठेवला, उजव्यासमोर दुसरा. त्यामुळे आता आमच्या घरात बुवा तासभर जीव तोडून प्रश्न विचारणार आणि कुणी हूं की चूं करणार नाही. तिकडे माटुंग्याला दुसरे बुवा कुणी काही विचारलेलं नसताना तावातावाने उत्तरं देत बसणार.

पण आईला बुवांचं काहीच पडलं नव्हतं. तिला हवं होतं ते सामन्याच्या आधीचं. माइक तपासताना बाबा डाव्या माइकपासून उजव्या माइकपर्यंत मोजत चालत गेले होते. एक, दोन, तीन... पाचला मधोमध, दहाला उजवीकडे. फळ्यांच्या स्टेजवर त्यांच्या चपलांचा आवाजही येतो. दोन्ही स्पीकर चालू असले की माणूस खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जातो. शेवटची दोन वर्षं बाबा अंथरुणाला खिळून होते. आई त्यांना कुशीवर वळवायची, त्यांच्या पायांना तेल लावायची. ते पाय पुन्हा चालले नाहीत. म्हणून तिला हे ऐकायचं होतं.

माझ्याकडे आल्यावर पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "लाव रे तो डबो. माका तेंका चालताना आयकाचा आसा."

डबा होता, स्पीकर होता, अर्धी वायर होती. वीज कुठून द्यायची, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. (वायरमनचा मुलगा मी! बँकेत नोकरी लागली म्हणून बरं.) इंटरनेटच्या डबीचा अडॅप्टर काढला आणि लावला. आतल्या खोलीतून बायको ओरडली, "अहो! माझी मीटिंग बंद पडली!"

"दोन मिनिटं, मनीषा! बाबा चालतायत!"

आणि खरंच बाबा बोलले. "एक... दोन... तीन... चार..." पाच जरा लांबून आलं. मग शांतता. आई स्पीकरकडे बघत बसून राहिली.

"सहा खंय?"

"सहा नंदूकडे आहे, आई."

तेवढ्यात पखवाजावर थाप पडली आणि डबा बंद! तो इवलासा अडॅप्टर बोलण्यापुरता पुरायचा, थाप पडली की दम सोडायचा. मी आईला फोन दिला, दोन्ही कानांत इअरफोन घातले. म्हटलं, यात पूर्ण एक ते दहा आहे. तिने ऐकलं आणि काढून ठेवले.

"कानात खंय माणूस चालता? माणूस खोलीत चालता."

सहा महिन्यांनी ती नंदूकडे गेली. तिथून तिचा फोन आला. बाबांचं वर्षश्राद्ध नंदूकडे करायचं, मी डावा डबा घेऊन यायचं आणि जेवणं झाल्यावर बाबांनी पूर्ण चालायचं. मागे पुसटसा नंदूचा आवाज आला, "त्याला सांग, वायर विसरू नको."

"त्याला सांग, मी आजवर काही विसरलेलो नाही," मी म्हणालो.

मला चेव चढला. श्राद्धाला आपला डबा नंदूच्या डब्यासमोर पखवाजाला दचकता कामा नये! डब्याच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात '२४ व्होल्ट' लिहिलेलं होतं. तसा अडॅप्टर घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. दुकानदाराने अडॅप्टरची पिन दाखवत विचारलं, "प्लस अंदर चाहिए या बाहर?"

"कुछ भी चलेगा," मी ऐटीत म्हणालो.

घरी आल्यावर कळलं, पिन बसतच नाही. मग पिन कापली. आत दोन वायरी निघाल्या, दोन्ही काळ्या! प्लस कुठली, मायनस कुठली? बाबा असते तर त्यांनी मीटर लावून बघितलं असतं. मी मनात दहा आकडे मोजून एक प्लस म्हणून निवडली आणि दोन्ही डब्याला लावल्या.

फट्!

डब्यातून धुराची बारीक रेघ निघाली आणि घरभर जळका वास पसरला. बाबांनी भिंगातून बघत एकेक टाका घातलेला तो डबा मी एका सेकंदात मारला. मनीषा धावत आली. मी पंखा लावून, डब्यावर हात ठेवून खाली बसलो होतो आणि मला रडू येत होतं.

"सांगा भावजींना," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? नंदूला सांगू?"

श्राद्धाच्या दिवशी तो मेलेला डबा मी फडक्याने चकाचक पुसून माटुंग्याला नेला. (कदाचित तिथल्या विजेने उठेल, असं खरंच वाटत होतं मला.) नंदूने आपला उजवा डबा स्कूटरच्या बॅटरीवर चालवून ठेवला होता. बॅटरी सोफ्याखाली, वायरी चटईखाली. एवढं करून दोन्ही डब्यांना ती पुरणार नव्हती.

"तुझा अडॅप्टर कुठाय?" त्याने विचारलं. वर्षभरातलं थेट मला उद्देशून पहिलं वाक्य.

"आणला नाही."

"म्हणजे विसरलास!"

आम्ही पुन्हा घंटेपर्यंत पोचणार, एवढ्यात आईने पिशवीतून लुगड्याची गुंडाळी काढली आणि तो तिसरा जड डबा आमच्या मधे ठेवला.

"ह्यो डबो व्हयो काय रे तुमका?"

त्याच्या मागून दोन वायरी निघाल्या होत्या. एकीवर बाबांच्या अक्षरात 'डावा', दुसरीवर 'उजवा'. दोन्ही डब्यांना वीज देणारा तो एकच डबा होता. परळहून माटुंग्याला चार किलोचं ते ओझं आई वाहत होती आणि आम्ही त्याला भंगार म्हणत होतो.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" मी.

"तुमी माका इचारलात कधी? ते म्हणायचे, पोरगे दोन, पण दोघांका जेवाण एकाच टोपातला."

 नंदूने दोन्ही वायरी जोडल्या, आईची खुर्ची बरोबर मधोमध ठेवली आणि बटण दाबलं. उजव्या डब्याचा दिवा लागला. डावा काळाच.

"दादा?"

"जळलाय," मी म्हणालो. "मी जाळला. उलट्या वायरी लावल्या." मग आईकडे बघवेना.

नंदू चिडेल असं वाटलं. त्याने नुसता डबा उचलून नाकाशी नेला, वास घेतला आणि डोळे पुसले. रेकॉर्डिंग मात्र सुरू झालं होतं. डाव्या बाजूला काहीच नाही. आई खुर्चीत ताठ बसून रिकाम्या स्पीकरकडे बघत होती. मला ते सहन झालं नाही. मी उठलो, डाव्या भिंतीशी गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "एक." एक पाऊल. "दोन." दुसरं. तीनला माझा आवाज फाटला. पाचला आईच्या समोर पोचलो, आणि माझ्या पुढून, उजवीकडून, बाबा म्हणाले, "सहा."

सात, आठ, नऊ, दहा. चपला वाजल्या आणि थांबल्या.

आई पदर तोंडाला लावून रडत होती. नंदूही रडत होता. मी खोलीच्या मधोमध, पाचवर, तसाच उभा होतो. बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझो बापूस इतको बेगीन चालत नाय होतो. परत चल."

त्याला आता चार महिने झाले. आईची वाटणी आम्ही रद्द केली. ती राहील तिथे दोन्ही स्पीकर राहतात, आणि सध्या ती नंदूकडे आहे. मी दर रविवारी जातो. नंदूने डावा डबा दुरुस्त करून देणारा एक माणूसही शोधलाय, पण आई ऐकत नाही. "नको," म्हणते. "दुरुस्त झालो तर मगे तू कशाक येतलंस?"

तेव्हा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी आमच्या घरचा डावा ॲम्प्लिफायर आहे. चोवीस व्होल्ट लागत नाहीत, एक कप चहावर चालतो. फक्त तीनपाशी माझा आवाज अजून फाटतो.