शनिवारच्या बातम्या

डोंगरकडा गावच्या शाळेत ताराबाई मराठी शिकवतात. वडील बंडोपंत वसमतला देवळात पुजारी, त्यामुळे शुद्ध उच्चारांचं बाळकडू घरातूनच मिळालेलं. पण वर्गात त्यांचा जीव रमेना. फळ्यावरचा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पोरं जसाच्या तसा उतरवायची, आणि परीक्षेत सगळ्यांचा पाऊस एकाच ओळीत पडायचा.

गेल्या वर्षी त्यांनी निबंधाला सुट्टी दिली. सातवीला म्हणाल्या, “गावाच्या बातम्या आता तुम्ही सांगायच्या.” पोरांनी हिंडून माहिती काढायची, लिहायची, बाईंच्या मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करायची, आणि शनिवारी ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार.

वर्गात जान आली. लसीकरण कधी, हळदीचा भाव काय, कुणाची बोअर आटली! ‘भाव वाढला’ म्हणायचं की ‘भाव वाढले’, यावरून एकदा दोघं हातघाईवर आले. व्याकरणावरून भांडण! बाईंनी ते मुद्दाम लवकर सोडवलं नाही.

गप्प होती ती फक्त सेवा. बंजारा तांड्यावरची पोरगी, घरी त्यांची गोरमाटी बोली बोलणारी. मराठीत चुकलं की मागचे हसायचे, म्हणून तिनं बोलणंच टाकलं होतं. बाईंनी तिला मोबाईल देऊन लिंबाखाली पाठवलं. “तिथं कुणी नाही. चुकलं तर पुस, परत बोल.” पहिल्या दिवशी मोबाईलमध्ये नुसता वारा आला. मग एक वाक्य आलं, मग चार.

शाळा समितीचे अध्यक्ष उकंडराव मात्र बिघडले. “बाई, लेकरांच्या हातात मोबाईल काहून देऊन राहिल्या? घरी तेच, शाळेत बी तेच?”

“एक शनिवार ऐका तरी,” बाई म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही.

दिवाळीनंतर त्यांची गाभण कालवड दावं तोडून गेली. शेतं, नाले पालथे घातले, पत्ता नाही. शेवटी ते शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. “बाई, त्या तुमच्या बातम्यांत कालवडीचं टाकता येतं का?”

त्या आठवड्याची पाळी सेवाची होती. “रंग काळा, कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग वाकडं,” तिनं सांगितलं, आणि लगोलग तेच सगळं गोरमाटीत बोलून गेली.

बाई गोंधळल्या. विषय तर मराठीचा. “हे काहून केलंस गं?”

“बाई, मराठी बातमी आमच्या तांड्यावर वाजती, पन कुनी कान देत न्हाई. आपल्या बोलीत आसली की मानूस थांबतो.”

बाईंनी त्यातलं काही न पुसता ती बातमी तशीच ग्रुपवर पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाचा काका रूपसिंग कालवड घेऊन गावात हजर! माळावर भरकटलेली त्याला सापडली होती. मालक कोण ते कळेना, म्हणून आपल्याच गोठ्यात बांधून चारा घालत होता.

उकंडराव सोमवारी वर्गात आले. “पोरी, तुमच्या बोलीत आभार कसे मानतात?”

सेवानं विचार केला. “आमी घरी जेवायला बोलावतो.”

सारा वर्ग हसला, उकंडरावही. पुढच्या रविवारी रूपसिंगचं अख्खं घर त्यांच्या ओसरीवर जेवलं, बाईंनाही आग्रहाचं बोलावणं होतं.

आता बातम्या दोन्ही बोलींत जातात. सध्या तयारी चाललीय कळमनुरीच्या आठवडी बाजाराची: व्यापाऱ्यांना प्रश्न विचारायचे, उत्तरं टिपायची. पहिला प्रश्न कुणी विचारायचा यावर वर्गात मत घेतलं, तेव्हा सगळ्यांनी सेवाचंच नाव घेतलं. ताराबाई खिडकीशी उभ्या राहून तो गलका ऐकत राहिल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना, आणि त्यांनीही उठवलं नाही.