मेली असाल तर हप्ता कोण भरणार?

आधीच सांगून टाकते. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू चपलेनं बाजूला सारून पुढे जाणारी बाई आहे मी. सासूबाई होत्या तोवर यावरून आमचे रोज खटके उडायचे. भूत, करणी, बाहेरचं... असल्या गोष्टींना मी घरात कधी थारा दिला नाही. तेव्हा पुढचं वाचून कृपा करून मला कुणी अंगारा सुचवू नये.

मी सोलापुरात एका हायस्कूलच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, राहायला जुळे सोलापूर. मागच्या वर्षी शाळेच्या कामासाठी वेगळं सिम घेतलं. बंद पडलेले जुने नंबर नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात हे तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्याच दिवशी, तव्यावर भाकरी असताना फोन वाजला.

"पद्मा बोलताय ना?"

"नाही. राँग नंबर."

"नाटकं नकोत. गटाचं लोन घेताना गोड लागलं ना? हप्ते थकलेत तुमचे."

मी समजावलं. नाव सांगितलं, शाळा सांगितली. उपयोग शून्य! रोज चार-पाच फोन, बहुतेक वेळा हाच माणूस, वसुलीच्या कॉल सेंटरमधला. आवाज विशीतला, भाषा गटारातली. एकदा म्हणाला, "नवरा नाही ना तुला? मग पैसे मिळवायचे दुसरे मार्ग असतात बायकांना..." पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवून मी साबणानं हात धुतले. हात कशाला धुतले ते मलाच कळेना, पण धुतले.

मग व्हॉट्सॲपवर फोटो आला. हिरव्या साडीतली एक वाळकी बाई, उन्हानं डोळे बारीक केलेली, हातात कर्जाचा फॉर्म. खाली लाल अक्षरात 'कर्जबुडवी', आणि सोलापूरजवळच्या कुंभारीचा पूर्ण पत्ता, घर नंबरासकट. एखाद्या बाईचं तोंड असं परक्या माणसांना वाटत फिरायचं!

मी क्लार्क. विषय, संदर्भ घालून कंपनीला रीतसर तक्रारीचा मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं : 'ग्राहकाने स्वतः फोनवर मंगळवारी हप्ता भरण्याचे कबूल केले आहे. रेकॉर्डिंग सोबत जोडले आहे.'

मी कबूल केलं?

कॉलची वेळ गुरुवारी सकाळी अकरा चाळीस. माझ्या फोनमध्ये पाहिलं, तर त्या वेळेला खरंच एक कॉल घेतलेला दिसत होता, तीन मिनिटांचा. पण अकरा चाळीसला मी हेडमास्तरांच्या केबिनमध्ये पगारबिलं घेऊन उभी होते, आणि फोन माझ्या टेबलावर होता.

रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीलाच मागून आमचे शिपाई शिंदेमामा ऐकू आले, "मॅडम, चहा ठेवलाय हितं." म्हणजे फोन माझ्याच टेबलावरचा. आणि मग एका बाईचा आवाज. संथ, थकलेला, तेलुगू वळणाचा.

"सर, मी मेले की. आठ महिने झाले."

"मॅडम, मेली असाल तर हप्ता कोण भरणार?"

"पोरगी भरतीय की दर मंगळवारी. तुमचा साहेब खिशात घालतोय. माझ्या मरणाचा दाखला त्याच्या गाडीच्या डिकीत हाय. पोरीला सोडा, सर."

"ही कारणं रोज ऐकतो आम्ही. मंगळवारी भरताय, लिहून घेतो. थँक्यू."

दोनदा ऐकलं. शिंदेमामांना बोलावून विचारलं, "माझ्या फोनवर कोण बोललं?" ते म्हणाले, "कुणी न्हाय मॅडम. खोली मोकळीच होती. फोन उलटा पडला होता टेबलावर."

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त किळस आली ती त्या पोराची. समोरची बाई 'मी मेले' म्हणतेय, आणि हा रकाना भरून मोकळा! माणूस आहे का कोण?

मंगळवारी रजा टाकून कुंभारीला गेले. विडी कामगारांच्या घरकुलांत पत्ता लगेच सापडला. दारात एकोणीस-वीस वर्षांची मुलगी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. स्वप्ना, पद्माबाईंची एकुलती एक लेक. मी कोण, कशी आले ते सांगितलं, आवाजाचं तेवढं सांगितलं नाही.

"आई गेली की मॅडम, आठ महिने झाले," ती म्हणाली. "दाखला हप्ते न्यायला येणाऱ्या सरांना दिला मी. ते म्हणले, वरून मंजुरी येईस्तोवर तू भरत राहा."

"झेरॉक्स ठेवलीस? पोच घेतलीस?"

"सरांकडं कशी मागायची पोच? आईच्या हातची भाकरी खाल्लीय त्यांनी हितं."

नर्सिंगचं दुसरं वर्ष सोडून ती आईच्या जागी विड्या वळायला बसली होती. कारण त्यांचा पाच बायकांचा गट. एकीचा हप्ता अडला की इतर चौघींनी भरायचा, आणि मंगळवारच्या बैठकीत पैसे पुरे होईस्तोवर कुणी जागचं उठायचं नाही. मी कर्जाचं कार्ड उलटून पाहिलं. मागं बारीक अक्षरात छापलेलं : कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेलं कर्ज विम्यातून फिटेल. म्हणजे ही पोरगी आठ महिने नसलेलं कर्ज फेडत होती, आणि कंपनीत तेही जमा होत नव्हतं.

तेवढ्यात सर आले. स्कूटर लावली, गळ्यात ओळखपत्र, केसांना जेल. बायका सतरंजीवर जमल्या. मी सरळ म्हटलं, "डिकी उघडा."

"तुम्ही कोण? हे आमचं इंटर्नल मॅटर हाय."

"पद्माबाईंच्या मृत्यूचा दाखला आहे त्यात."

चेहरा खर्रकन उतरला त्याचा. गाडीला किल्ली लावून निघायलाच बघत होता. तेव्हा गटातली सगळ्यात वयस्कर बाई, नरसम्मा, उठली आणि सतरंजी ओढून त्याच्या चाकापुढं अंथरून बसली. मागोमाग बाकीच्या.

"हिशेब पुरा होईस्तोवर कुणी उठायचं न्हाय. तुमचाच नियम हाय की सर."

पाऊण तास गेला. शेवटी त्यानं डिकी उघडली. रेनकोटच्या खाली, गुटख्याच्या पुड्यांमध्ये चुरगळलेला दाखला. तंबाखूचे डाग पडलेले. आईच्या मरणाचा कागद त्या पोरीनं दोन्ही हातांनी उचलला, पदरानं पुसला. मला त्या माणसावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, एवढंच.

पुढचं कागदोपत्री. दाखला, कार्ड, माझा अर्ज, चकरा. महिन्याभरात कर्ज बंद झाल्याचं पत्र आलं. त्या साहेबाची नुसती बदली झाली म्हणे. आणि मला मेसेज आला : 'आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच गुण द्या.' निर्लज्जपणाला काही सीमा!

पत्र द्यायला गेले त्या दिवशी स्वप्नाला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. लपवणं बरं वाटेना. तिनं आवाज पहिल्या शब्दाला ओळखला. रडली नाही. स्वतःचा फोन काढला आणि तोंडपाठ असलेला नंबर लावला.

माझ्या हातातला फोन वाजला.

ती माझ्यापासून दोन हातांवर, पाठ करून उभी. मी उचलला, कानाला लावला.

"अम्मा, ऐपोयिंदि," ती म्हणाली. झालं, संपलं. सोलापुरात राहून एवढं तेलुगू कळतंच. पुढं कॉलेजचं सांगितलं, पुन्हा ॲडमिशन घेतेय म्हणाली. मग थांबली. मान डोलावली. फोन ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बरं म्हणाली की."

मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्या कानात शेवटपर्यंत फक्त स्वप्नाचाच आवाज होता. याचा अर्थ मला विचारू नका, मला माहीत नाही, आणि कुणी छातीठोक सांगू लागलं तर माझा विश्वास बसणार नाही.

ते घाणेरडे फोन बंद झाले. तरीही हा नंबर टाकून द्यायचं मी पक्कं केलं होतं, फॉर्मही भरून ठेवला होता. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी स्वप्नाचा पुन्हा फोन आला. मी "हॅलो" म्हटलं, तर म्हणाली, "मॅडम, तुमी काही बोलू नका. नुसता उचलून धरा."

आता कुठल्या तोंडानं नंबर बदलू?