संत्र्याच्या झाडाचे टेके

सौंसरच्या दवाखान्यात मी समुपदेशक होते; झोप येत नाही म्हणून एक बाई माझ्याकडे आली होती. माणसाचा स्वभाव चित्रात उतरतो म्हणतात, म्हणून मी तिला झाड काढायला लावलं. हिवाळ्याच्या उन्हात ती तंद्रीत असल्यासारखी पेन्सिल फिरवत राहिली. झाड झालं, मग प्रत्येक फांदीखाली तिनं एकेक बांबू उभा केला.

मी शिकल्याप्रमाणे लिहिलं, 'आधाराशिवाय उभी राहू शकत नाही.' तरी विचारलं, "हे बांबू कशाला, मावशी?"

"संत्र्याचं झाड हाय ना बाई, फळानं लदून राहिलं. रिकाम्या झाडाले कोन टेका देते?"

बोलताना ती माझ्या पोटाकडे पाहत होती. मला सातवा महिना होता, आणि आईला मी हट्टानं 'येऊ नको' सांगितलं होतं.

लिहिलेलं खोडलं आणि आईला फोन लावला.