आजोबांना आजी ओळखू येत नाहीत

समस्त कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आबालवृद्धांना, विशेषतः लग्नाला चाळीस वर्षं उलटलेल्या जोडप्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की कशेळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या आजोबांना त्यांची बायको ओळखू येत नाही, असा जो शोध प्रस्तुत लेखिकेने लावला होता, तो बिनशर्त मागे घेण्यात येत आहे. शोध लावताना लेखिका पूर्ण शुद्धीत होती. तिच्याकडे पदवी होती, शिक्का होता आणि नवा चष्माही होता.

घोषणा संपली. पुढचं मात्र मला मान खाली घालून सांगावं लागणार आहे, आणि मान खाली घालून बोलायची मला सवय नाही. आमच्या सोसायटीतलं गणपतीचं नाटक मी बसवते, त्यात राक्षसाचं काम मीच करते, आणि दोन जणी चहाला आल्या तरी मला हाउसफुल्लचा बोर्ड दिसायला लागतो. पोटापाण्यासाठी मी वाचा-उपचार करते. उशिरा बोलणारी मुलं, तोतरे बोलणारे तरुण, आणि अंगावरून वारं गेल्यावर ज्यांचे शब्द हरवतात अशी माणसं माझ्याकडे येतात. इतर दिवशी कर्जतला असते, गुरुवारी जीपमध्ये तिघांच्या जागेत पाचवी होऊन कशेळ्याला जाते. तिथे एका दवाखान्याची मागची खोली मला दिलेली आहे.

त्या खोलीत ही मंडळी आली. आजोबा, आजी, साजगावच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा आणि सून. आजोबांचा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं दहा-बारा शब्दांवर आलं होतं. कळत सगळं होतं, पण शब्द ओठापर्यंत येऊन परत फिरायचे.

"पेशंटचं नाव?" मी फॉर्म उघडून आजींना विचारलं.

आजींनी मुलाच्या बरगडीत कोपर मारलं. "सांग रं तुझ्या बापाचं नाव."

"तुम्हीच सांगा की आजी. घ्या उखाणा!"

"या बाईंचं काय तरीच!" आजींनी पदर तोंडाला लावला. सून खुदकन हसली. मीही हसले. मुलाने नाव सांगितलं, मी लिहिलं, आणि हा प्रसंग घरी गेल्यावर कसा रंगवून सांगायचा तेही मनात जुळवून ठेवलं.

म्हणजे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. आणखी कुणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

मग मी नावं सांगायची चित्रं पिशवीतून बाहेर काढली. संच शहरात छापलेला. घड्याळ आलं, गाय आली, छत्री आली. सोफ्याला आजोबा 'खाट' म्हणाले. मी मोठ्या मनाने अर्धा गुण दिला. त्यानंतर घरच्या माणसांची नावं. मुलाचं नाव त्यांनी अडखळत का होईना पण सांगितलं. मी आजींकडे बोट केलं.

"आणि या कोण? यांचं नाव काय, आजोबा?"

आजोबा वर बघायला लागले. वर पंखा होता.

मी पुन्हा विचारलं. मग नावाचं पहिलं अक्षर पुरवलं. आमच्या शास्त्रात अशी मदत करतात. तोंडाचा चंबू करून तीन वेळा पुरवलं. आजोबांचे कान लाल झाले. मुलगा स्वतःच्या चपला बघत होता, सून बांगड्या फिरवत होती. खोलीतली सगळी माणसं अवघडून गेली आहेत हे मला स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, दुःखाने.

फॉर्मवर मी लिहिलं, 'पत्नीचे नाव सांगता येत नाही. ओळखीबाबत शंका.' एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण समोर चार माणसं होती, आणि माझा आवाज आपोआप खाली उतरला, शेवटच्या अंकात उतरतो तसा. मी आजींचा हात हातात घेतला. "आजी, आजोबांना सध्या तुम्ही ओळखू येत नाही आहात. मनाला लावून घेऊ नका. हा आजारच असा असतो."

आजींनी हात सोडवून घेतला. आजोबांकडे बघितलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

त्याच अर्ध्या तासात आजोबांना तहान लागली होती. तेव्हा त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने आजींनाच ढोसलं होतं. शेजारी मुलगा होता, सून होती, पण ढोसलं आजींना. आजींनी त्यांच्याकडे न बघताच पिशवीतून बाटली काढून, झाकण उघडून त्यांच्या हातात दिली होती. मी हे पाहिलं होतं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. नाव न येणं वेगळं आणि माणूस न ओळखणं वेगळं, हे मी दर वर्षी शिकाऊ मुलींना फळ्यावर दोन गोल काढून शिकवते. त्या दिवशी फळा नव्हता म्हणून विसरले असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

आणि हो, त्या दिवशी चहाला दोघीजणी आल्या होत्याच. मी आधी 'सांग रं तुझ्या बापाचं नाव' करून दाखवलं, कोपरासकट. दोघी हसून लोळल्या. मग नवरा बायकोला कसा विसरला ते सांगितलं. एकीने डोळे पुसले. मला फार समाधान वाटलं. ते समाधान आठवलं की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

पुढच्या गुरुवारी आजोबा आले ते मुलाबरोबर, आजी नव्हत्या. दहा-बारा शब्दांचे पाच झाले होते. त्यापुढच्या गुरुवारी दोन. मी मुलाला झापलं. "घरी व्यायाम करून घेत नाही तुम्ही! माणसाला बोलायला माणूस लागतं जवळ." तो मुकाट ऐकून गेला. तिसऱ्या गुरुवारी कुणीच आलं नाही. तेव्हा मी दवाखाना आटपून त्यांच्या गावी गेले. रुग्णाची काळजी होती, आणि थोडं झापायचंही शिल्लक होतं.

ओट्यावर एका टोकाला आजोबा खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या टोकाला आजी भिजवलेले वाल सोलत होत्या, त्यांच्याकडे पाठ करून. आवाज फक्त सालं काढण्याचा.

"आजी, तुम्ही येत का नाही? आणि अशा लांब का बसलात?"

"मंग कुटं बसू?" आजी वालांकडेच बघत म्हणाल्या. "तुमीच सांगितलं ना, त्यान्ला वळकू येत नाय. परकी बाई अंगाला हात लावती म्हनून त्यान्ला लाज वाटंल. आंघोळ पोरगा घालतो कामावरून आला की. जेवान सून देते. मी नाय जात म्होरं."

म्हणजे माझं एक वाक्य घेऊन ही बाई घरातल्या घरात परकी होऊन बसली होती. त्यांना राग नव्हता. नवऱ्याची लाज राखायची म्हणून त्या स्वतःहून बाजूला झाल्या होत्या. आणि आजोबांचे उरलेसुरले शब्द ज्या एका माणसाशी बोलण्यात टिकले होते, तेच माणूस मी उठवून ओट्याच्या पलीकडच्या टोकाला बसवलं होतं.

सून चहा घेऊन बाहेर आली. मी तिला जवळजवळ ओरडूनच विचारलं, "अगं, यांना खरंच ओळखू येत नाहीत का त्या?"

"मला काय म्हाईत बाई. पन बाबांनी आयचं नाव कंदी घेतलंच नाय. मी आले तवापासून 'अगं' नायतर 'ऐकतीस का'. तुमी सुनंम्होरं इचारलं, त्यान्ला लाजून मेल्यावानी झालं. मलाच कसं तरी झालं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमी लिवत व्हता ना."

मी आजींसमोर जमिनीवरच बसले. "आजी, चूक माझी आहे. ते ओळखतात तुम्हाला. मी प्रश्नच चुकीचा विचारला."

"कागदावर तर लिवलंय," आजी म्हणाल्या. फॉर्मची प्रत मी त्या दिवशी घरी दिली होती; तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत नीट घडी करून ठेवला होता. मी तो मागून घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली. आजींना वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसली. तरी त्या हलल्या नाहीत. माझ्या लिहिण्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, खोडण्यावर ठेवायला तयार नव्हत्या.

आणि इतकं होऊनही मला राहवलं का? नाही. मी खाटेपाशी गेले आणि विचारलं, "आजोबा, बोट दाखवा बघू, या कोण आहेत?" आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे आले. मग त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आजींच्या चेहऱ्यावर 'बघा, मी म्हटलं नव्हतं का' असं उमटलं. त्या क्षणी ओट्याखाली शिरून बसावंसं वाटलं.

"आजी," मी शेवटी म्हटलं, आणि पहिल्यांदाच माझा आवाज नाटकातला नव्हता, "मी काही विचारत नाही. तुम्ही फक्त रोजच्यासारखा चहा द्या त्यांना."

आजींनी वालाचा एकच दाणा बोटांत फिरवला. मग हात पदराला पुसून उठल्या. सुनेच्या हातातून कप घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि खाटेच्या कडेला, अंग चोरून, पाहुणीसारख्या टेकल्या. बशी पुढे केली. थोडा चहा सांडला.

आजोबांनी आधी बशी बघितली. मग बांगड्या. मग मान वळवून तोंडाकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी पहिलं अक्षर पुरवलं नाही. डाव्या हाताने त्यांनी आजींचं मनगट बशीसकट धरलं आणि कित्येक दिवसांत न ऐकलेल्या खणखणीत आवाजात, सुनेसमोर, माझ्यासमोर, ओरडले,

"कुठं मेली व्हतीस गं इतके दिस?"