गोळ्याचं नाक

जनामामा गेला तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. आचोळ्यात मी सभेची पत्रकं वाटत होते, तेवढ्यात मामीचा फोन आला. "तुझा मामा गेला गं... मशीनजवळ जरा बसतो म्हणाला, तो उठलाच नाही." मला आधी रडू आलं नाही, राग आला. उत्तर न देताच निसटला हा माणूस! दीड महिना झाला, तो राग उतरलेला नाही. शोकसभेत लोक एकामागून एक उठून "आयुष्यभर युद्धाविरुद्ध बोलला" असं सांगू लागले, तेव्हा तर तो वाढलाच.

बोलला, हे खरं. होळी गावातल्या बागायतदार घरातला हा माणूस गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात लेथ मशीन चालवायचा आणि रजा टाकून शाळाशाळांतून शस्त्रांचा इतिहास सांगत फिरायचा. पहिला प्रश्न ठरलेला असे. "सगळ्यात जास्त माणसं कशानं मारली?" पोरं एका सुरात ओरडत, "अणुबॉम्ब!" मामा खूश. "चूक. अणुबॉम्ब युद्धात दोनदा पडला. भाला हजारो वर्षं चालला. काठीला टोक केलं की झाला भाला." तलवारीला तो फार भाव देत नसे. तलवार सरदाराची, पोवाड्यात शोभणारी. रांगेनं माणसं मारली ती शिपायाच्या भाल्यानं. मग बंदूक, मग तोफगोळा. पहिल्या महायुद्धात सैनिक सर्वात जास्त मेले ते तोफगोळ्यांनी, हे सांगताना त्याचा आवाज खाली यायचा... "जे शस्त्र साध्या कारखान्यात बनतं, तेच सगळ्यात जास्त मारतं, लक्षात ठेवा." माझ्या पहिल्या पत्रकाचं शीर्षक मी याच वाक्यावरून घेतलं होतं.

मग तो दसरा आला. होळी गावच्या घरी शस्त्रपूजेला पाटावर कोयता, कुदळ, विळी आणि पंप खोलायचा पाना मांडतात. मामानं खिशातून पितळेचा एक निमुळता तुकडा काढून शेवटी ठेवला. मामीनं विचारलं, "हे काय ओ? पंपाचं का?"

"जॉब आहे."

कारखान्यात मशीनवर चढेल त्या तुकड्याला जॉबच म्हणतात, मग तो नळाचा असो की कुलपाचा. मामीनं भाबडेपणानं त्यालाही हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मला मात्र तो आकार ओळखीचा होता. मामाच्याच व्याख्यानातल्या चित्रात तोफगोळ्याच्या टोकावर तो असायचा.

"मामा, हे गोळ्याचं नाक आहे."

"हळू बोल, बाय."

"इतकी वर्षं कोयत्या-कुदळीला शस्त्र म्हणून पुजलं. आज खरं शस्त्र पाटावर आलं, तर त्याला जॉब म्हणतोस?"

"ड्रॉइंगवर नाव नसतं. मापं असतात."

"म्हणजे तुला कळलंच नाही?"

तो फुलाकडे बघत राहिला. "पहिल्याच दिवशी कळलं."

नोकरी सोड, असं मी म्हटलं नाही. त्याच्या पोराच्या कॉलेजचा खर्च मलाही दिसत होता. मी एकच वाक्य मागितलं. पुढच्या व्याख्यानाच्या शेवटी सांग, हे मीही बनवतो. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. गोष्टीचं खरं नाव मोठ्यानं घेतलं की ती करणारा हात थांबतो, यावर माझा देवावर असावा तसा विश्वास. मामा म्हणाला, "बघू."

काही आठवड्यांनी आचोळ्याच्याच एका शाळेत त्याचं व्याख्यान झालं. मी शेवटच्या बाकावर होते. प्रश्नांच्या वेळी दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली. "सर, तुम्ही कधी शस्त्र बनवलंय?" मी त्या मुलीला मनोमन मिठी मारली. मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे बघितलं...

"नाही. पुढचा प्रश्न?"

मी उठून बाहेर पडले, आणि त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा डबा आणि चष्मा आणायला गोखिवऱ्याला गेले. त्याच्या लेथवर आता मिठागराकडच्या गावातले एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत, आधी ते शेजारच्या मशीनवर असायचे. "तुमीच का ती पत्रकवाली भाची?" ते हसून म्हणाले. पत्रकवाली म्हणून बोलायला मला निमित्तच हवं होतं. मशीनकडे बोट दाखवून मी दरडावलं, "हे काय बनवताय, ठाऊक आहे?"

"नाक. गोळ्याचं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मामांनीच सांगितलं ना! त्या शाळेतून आले, दुसऱ्या दिवशी सगळी मशीनं बंद करायला लावली. म्हनाले, यानं मानसं मरतात. ज्याला सोडायचं त्यानं सोडा. पन आजपासून याला जॉब म्हनायचं नाय."

"मग कोणी सोडलं?"

"कोन सोडतंय?" त्यांनी नवा तुकडा लावून मशीनचा चक आवळला. "पन जॉब नाय म्हनत कोनी. मामांचा शब्द पाळतो आमी."

इतक्यात पलीकडच्या मशीनवरून हाक आली, "काय ओ, आज किती नाकं कापली?" आणि अख्खा कारखाना हसला. चिडून नव्हे, रोजच्या सवयीनं.

मामाच्या मशीनमागच्या भिंतीवर रोजचं काम लिहायची एक काळी पाटी आहे. तिच्यावरचा "जॉब" हा छापील शब्द खोडून मामानं खडूनं ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, "तोफगोळ्याचं नाक". खाली कुणीतरी मिशी आणि दोन डोळे काढून त्या नाकाचा चेहरा पुरा केलाय. मालक रोज समोरून जातो. पाटी कुणी पुसलेली नाही. पुसायची गरजच कुणाला वाटलेली नाही.